मोटारीचा पंखा, मीटरचा काटा आणि तपासणीची मजुरी

कापडाच्या दुकानदाराने मोटारीच्या पंख्यावर लेख लिहावा, हे पाहून कोडोलीतली आमची गिऱ्हाइके हसतील. हसू देत. या पानावर सुताचे भाव, उधारीची वसुली आणि जीएसटीची विवरणपत्रे यांवर आपण पुष्कळ वाचतो. पण आज लहानशा व्यापाऱ्याचाही माल ज्या गाडीतून येतो ती गाडी बंद पडली की सगळा हिशेब कोलमडतो, यावर कोणी लिहीत नाही. शिवाय या पानाचे जितके वाचक गाडी वापरणारे आहेत, जवळपास तितकेच गाडी दुरुस्त करणारे आहेत. फिटर, वायरमन, रेडिएटरवाले, लेथवाले अशी किती घरे आपल्यात आहेत हे वेगळे सांगायला नको. या दोघांनाही आमचे एकच सांगणे आहे. बिघाड शोधून काढणे हे एक स्वतंत्र काम आहे आणि त्याची स्वतंत्र मजुरी आहे. देणाऱ्याने ती तक्रार न करता द्यावी, घेणाऱ्याने ती उघडपणे मागावी. ही मजुरी वाचवण्याच्या नादात २००४ साली आम्ही एक इंजिन गमावले.

त्या वेळी आमच्याकडे मारुती ८०० होती, कार्बोरेटरची. आठवड्यातून एकदा इचलकरंजीला जायचे, मागची सीट पाडून ताग्यांचे गठ्ठे भरायचे आणि हातकणंगले, पेठ वडगाव करत वाठारला हायवे ओलांडून कोडोलीत यायचे. जानेवारी महिना होता. आमच्या भागात तो वारणेच्या गळीत हंगामाचा महिना असतो. उसाने भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे निघालेले असतात, रस्ता अरुंद असतो आणि मागची गाडी बैलगाडीच्या चालीने सरकते. हायवेवर साठच्या वेगाने काहीही कुरकुर न करणारी आमची गाडी या रांगेत सापडली की तापायची. काटा वर चढायचा आणि झाकणाखालून वाफ यायची.

आता आम्हाला कळते की एवढ्याच लक्षणावरून अर्धे निदान होत होते. गाडी वेगात असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो, पंख्याची फारशी गरजच पडत नाही. गाडी उभी राहिली किंवा रांगेत सरकू लागली की सगळी भिस्त पंख्यावर येते. तेव्हा वेगात ठीक पण रांगेत तापते, तर आधी पंखा पाहावा. उलट रांगेत ठीक पण हायवेवर किंवा जोतिबाच्या चढावर तापते, तर रेडिएटर चोंदला आहे का, पाणी कमी आहे का, पंप व थर्मोस्टॅट ठीक आहेत का हे पाहावे. गाडी कधी तापते हा पहिला प्रश्न. तो आम्हाला त्या वेळी कोणी विचारला नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. आम्ही गॅरेजमध्ये गाडी लावून फक्त एवढेच म्हणालो, "तापते, बघा."

ज्यांच्या लक्षात असेल त्यांना आठवेल की अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीला पट्ट्यावर फिरणारा पंखा होता. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. त्यात बिघडायचे ते पट्ट्याचेच. मारुती १९८३ च्या अखेरीस आली आणि विजेवर चालणारा पंखा घरोघरी झाला. हा पंखा सदैव फिरत नाही. पाणी साधारण नव्वद अंशांच्या पुढे गेले की थर्मो स्विच जुळतो आणि पंखा सुरू होतो. काही अंश उतरले की बंद होतो. पंख्याला बॅटरीची वीज फ्यूजमधून आणि बहुतेक गाड्यांत रिलेमधून मिळते. काट्याचा मामला वेगळा. इंजिनात पाण्यात बुडालेला एक लहान सेन्सर असतो. पाणी तापले की त्याचा विरोध कमी होतो, जास्त वीज जाते आणि काटा वर चढतो. जुन्या गाड्यांत पंख्याचा स्विच आणि काट्याचा सेन्सर ही दोन वेगळी माणसे होती. एक खोटे बोलला म्हणून दुसराही खोटे बोलतो असे नाही, आणि एक खरे बोलला म्हणून दुसराही खरे बोलतो असेही नाही.

आमच्या गाडीचे पहिल्या गॅरेजात काय झाले ते सांगतो. आधी झाकण बदलले. मग थर्मोस्टॅट काढून फेकून दिला, "आपल्या हवेला तो लागतच नाही" म्हणून. हा गैरसमज आजही जिवंत आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन योग्य उष्णतेवर यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि खरा रोग झाकला जातो. त्यानंतर रेडिएटर उघडून साफ केला. नंतर पाण्याचा पंप बदलला. प्रत्येक वेळी दोन दिवस गाडी बरी वाटायची, पुन्हा उसाची रांग लागली की तेच. शेवटी पंखा "डायरेक्ट" केला. म्हणजे स्विच आणि रिले दोन्ही बाजूला ठेवून चावी फिरवली की पंखा फिरेल अशी एक बारीक वायर ओढली, मध्ये फ्यूजसुद्धा नाही. काटाही हलत असे, विशेषतः रात्री हेडलाइट लावले की उडी मारत असे. म्हणून सेन्सर नवा घातला. सामान आणि मजुरी धरून साडेतीन हजारांच्या आसपास गेले. त्यात तपासणीचा एक रुपया नव्हता. सामानाचे पैसे दिसतात म्हणून आम्ही ते निमूट दिले.

नवा सेन्सर बसल्यावर काटा शांत झाला. तळाशी, थंडच्या खुणेवर. आम्हाला वाटले, गाडी सुधारली.

पुढच्या आठवड्यात आमचा पुतण्या एका लग्नाच्या बस्त्याचा माल घेऊन इचलकरंजीहून परतत होता. वाठार सोडल्यावर उसाची रांग लागली. तो पाऊण तास रांगेत होता. काटा तळाला होता म्हणून निर्धास्त होता. वास आला तेव्हा त्याला वाटले, पुढच्या ट्रॅक्टरचा. मग गाडी ओढेनाशी झाली, टकटक आवाज आला आणि बंद पडली ती पडलीच. दुसऱ्या गाडीने माल आणला, बस्ता वेळेवर गेला, पण इंजिनाचे हेड वाकले होते, गॅसकेट जळाले होते, पिस्टनने सिलिंडर खरवडले होते. हेड फेस मारून आणि बोअर करून चौदा हजार लागले. त्या दिवशी पोर रडवेले होऊन म्हणाले, "चाचा, काटा तर खालीच होता हो."

आम्ही त्याला रागावलो. ते चुकले. त्याने आम्ही सांगितले होते तेच केले होते. काट्यावर नजर ठेव, असे आम्हीच त्याला बजावले होते.

इंजिनाचे काम झाल्यावर आम्ही गाडी कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला एका वयस्क वायरमनकडे नेली. त्यांनी आधी विचारले, कधी तापत होती, काटा कधी हलायचा, दिवे कधी मंद व्हायचे. दहा मिनिटे ते नुसते विचारत होते. आम्हाला घाई झाली होती. मग त्यांनी मीटर काढला. मीटर म्हणजे व्होल्ट आणि ओहम मोजणारा, ज्याला मल्टिमीटर म्हणतात तो. पंखा चालू करून मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे पंख्याच्या अर्थला लावले. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे, फार तर दोन-तीन दशांश व्होल्ट. आले अडीच व्होल्ट. म्हणजे बॅटरीच्या बारातले अडीच व्होल्ट अर्थच्या वाटेतच मरत होते आणि पंखा रखडत फिरत होता. त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला एक जाड वायर हाताने धरून लावली. पंख्याचा आवाज बदलला. आमच्या कानांना कळला एवढा बदलला. हेडलाइटही पांढरे झाले.

बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी नट-बोल्टाजवळ हिरवी पडून कुजली होती. पहिल्या दिवसापासून रोग तेवढाच होता. साठ-सत्तर रुपयांची वस्तू. काटा हेडलाइट लावताच उडी मारायचा तोही त्यामुळेच, कारण मीटरबोर्डाला अर्थ त्याच बॉडीतून मिळत होती.

आणि काटा तळाला का बसला? वायरमनचाचांनी सेन्सर खोलून आमच्या हातात दिला. आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळलेली. नळाला गुंडाळतात ती. एका वायरच्या सेन्सरला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळते. आटे टेपने झाकले की सेन्सर इंजिनापासून तुटला, वीज वाहिली नाही, काटा कायमचा थंड. गळती होऊ नये म्हणून फिटरने काळजीने टेप लावली होती, वाईट हेतू नव्हता. "डायरेक्ट" केलेल्या वायरचा कपलर वितळून काळा गोळा झाला होता. म्हणजे त्या दिवशी रांगेत पंखा बंद होता आणि काटा आंधळा होता. चाचा एवढेच म्हणाले, "भाई, तुम्ही सामान बदललं, दुखणं तसंच ठेवलं."

तपासणीचे त्यांनी दीडशे रुपये मागितले. लिहायला लाज वाटते, पण आम्ही तिथे भाव केला. "पट्टी सत्तरची आणि बघायचे दीडशे?" असे म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "पट्टीचे सत्तर, कुठली पट्टी ते सांगण्याचे दीडशे." साडेतीन हजार निमूट देणारे आम्ही, दीडशेसाठी घासाघीस करत होतो.

आता जे त्यांच्याकडून आणि नंतरच्या तजुर्ब्यातून शिकलो ते वाचकांसाठी मांडतो. गाडीवाल्याने हे सगळे स्वतः करावे असे नाही, पण समोरचा काय करतो आहे ते त्याला कळावे.

पंखा फिरत नसेल तर आधी त्याचा कपलर काढून बॅटरीवरून थेट वीज देऊन पाहावे. फिरला नाही तर मोटर गेली, बहुधा कार्बन ब्रश झिजलेले असतात. फिरला तर मोटर निर्दोष आहे, ती बदलायला लावणाऱ्याचे ऐकू नये. मग थर्मो स्विचच्या दोन वायरी चावी चालू ठेवून एकमेकींना जोडाव्यात. पंखा फिरला तर दोष स्विचचा, नाहीतर पाणीच त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, म्हणजे पाणी कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल. फिरला नाही तर फ्यूज, रिले आणि वायरिंग. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा आणि पंख्याचा रिले एकाच जातीचा असतो. तसा असेल तर अदलाबदल करून पाहायला खर्च येत नाही. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावण्याचा मोह टाळावा. फ्यूज उडतो कारण मोटर जड झाली आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे. तिथे चांदी लावली तर पुढचा फ्यूज म्हणजे तुमची वायरिंग, आणि मागच्या सीटवर कापड असेल तर पुढचे आम्ही लिहीत नाही.

थर्मो स्विच चूल आणि भांड्यावरही तपासता येतो. बहुतेकांचा जुळण्याचा बिंदू शंभर अंशांच्या आत असतो, म्हणून साध्या पाण्यात थर्मामीटर बुडवून गरम करावे आणि मीटर लावून कधी जुळतो ते पाहावे.

पंखा फिरतो पण गाडी तापते, तर तो कोणत्या बाजूने फिरतो ते पाहा. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत बसतो. तो समोरून हवा आत ओढणारा असतो. रेडिएटरसमोर वॉयलचा एक तुकडा धरावा, तो चिकटला पाहिजे. आमच्या दुकानात तुकड्यांना तोटा नाही. हंगामात रेडिएटरच्या जाळीत उसाचे पाचट आणि किडे बसतात, तेही उलट बाजूने पाण्याच्या सौम्य धारेने काढावेत. एसी असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट विसरू नये. तिथे नुसता हात लागत नाही, म्हणून तिथलीच घाण कोणी काढत नाही.

काट्याचे म्हणाल तर सेन्सरची वायर काढून इंजिनाला टेकवावी, चावी चालू ठेवून, क्षणभरच. पुष्कळ जुन्या गाड्यांत काटा वर चढतो. चढला तर मीटर आणि वायर ठीक, सेन्सर किंवा त्याची अर्थ दोषी. पेट्रोलचा आणि पाण्याचा असे दोन्ही काटे एकदम वेडेवाकडे वागत असतील तर दोन सेन्सर एका दिवशी बिघडलेले नसतात. त्यांची सामाईक वीज किंवा सामाईक अर्थ पाहावी.

सगळ्यांत महत्त्वाचे राहिले. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याची उष्णता सांगतो. पाणी गळून गेले आणि तो कोरडा पडला की चढलेला काटा खाली येऊ शकतो, आणि त्याच वेळी इंजिन जळत असते. म्हणून वर गेलेला काटा रस्त्यात एकाएकी खाली आला तर आनंद मानू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. झाकणाला हात लावू नये. ०.९ किलो दाबाच्या झाकणाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, सुमारे ११८ अंशांपर्यंत थांबते, आणि झाकण सुटताच दाब जातो व ते सगळे एकदम उसळून चेहऱ्यावर येते. अर्धा-पाऊण तास थांबावे. बोनेट उघडल्यावर बाही, ओढणी, गळ्यातला रुमाल पंख्यापासून दूर ठेवावा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो.

नव्या गाड्यांत हे सगळे कॉम्प्युटरकडे गेले आहे. एकच सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो आणि पंखा तो चालवतो. त्या सेन्सरचा कपलर निघाला तर बऱ्याच गाड्यांत पंखा सतत फिरू लागतो. ते वेड नसते, इंजिन वाचवण्यासाठी तशी सोयच असते. काटाही आता पूर्वीसारखा साधा राहिला नाही. पुष्कळ गाड्यांत पाणी बऱ्याच अंशांनी वर-खाली झाले तरी काटा मध्यावरच ठेवला जातो, कारण हलणारा काटा पाहून गिऱ्हाईक घाबरते. कित्येक गाड्यांत काटाच नाही, थंडीचा निळा आणि धोक्याचा तांबडा असे दिवे आहेत. तांबडा लागेपर्यंत उशीर होऊ शकतो. खरी उष्णता स्कॅनर लावल्यावर अंशांत दिसते. पण स्कॅनर असला म्हणजे तपासणी झाली असे समजणारे गॅरेजवालेही आम्ही पाहिले. स्कॅनर सेन्सरच्या सर्किटचा दोष सांगतो, गिऱ्हाइकाला ऐकू येते "सेन्सर बदला". सर्किटात वायर, कपलर आणि अर्थही येते. कुजलेली पट्टी स्कॅनरला दिसत नाही.

गॅरेजवाल्या बंधूंची बाजूही आम्हाला मान्य आहे. ते म्हणतात, दोन तास शोधत बसलो आणि सैल कपलर निघाला तर गिऱ्हाईक म्हणते, कपलर दाबायचे कसले पैसे? पंप बदलला तर तेच गिऱ्हाईक हजार देते. मग पोराने शोधायला का शिकावे? हा दोष आमचा, गिऱ्हाइकांचा आहे. आम्हीच त्यांना सामान बदलायला शिकवले. पण त्यांनीही एक करावे. गाडी घेतानाच सांगावे की तपासणीचे इतके, काम दिले तरी आणि न दिले तरी. बिलावर काय तपासले, मीटरवर काय आले ते एका ओळीत लिहावे. काढलेले सामान गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे. आणि गॅरेजात काम शिकणाऱ्या मुलाला पान्यांबरोबर चारपाचशे रुपयांचा मीटर घेऊन द्यावा व वायरिंगचा नकाशा वाचायला लावावे. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. गॅरेजात आठ वर्षे काढलेल्या मुलालाही तिथला विजेचा भाग उपयोगी पडतो. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तिथे विजेचा धडा पाठ करून उत्तीर्ण झालो आणि बॅटरीचे दोन तार कधी हातात धरले नाहीत, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितो.

आमच्या धंद्यात कोणी अंदाजाने तागा फाडत नाही. आधी मीटरपट्टी लागते, मग कात्री.

ती ८०० आम्ही पुढे काही वर्षे वापरली, पुन्हा ती तापली नाही. थर्मोस्टॅट परत बसवून घेतला, विहिरीचे पाणी बंद करून कूलंट घातले, पंख्याला फ्यूज आणि रिले पूर्ववत केले. पुतण्या आता स्वतःची गाडी चालवतो. गाडीत एक मीटर आणि दोन हात लांबीची जाड वायर ठेवतो. मागच्या हंगामात वारणानगरच्या रांगेत एका अनोळखी माणसाची गाडी वाफ सोडत उभी होती, तेव्हा याने ती वायर लावून त्याचा पंखा फिरवून दिला. त्या माणसाने पैसे विचारले. पुतण्या म्हणाला, "माझे काही नाही. पण उद्या वायरमनकडे जा, आणि त्याने बघायचे पैसे मागितले तर कमी करू नका."